एका ओट्यासाठी दोन शहरं

आमच्या नांदगाव खंडेश्वरात घर बांधायचं ठरलं की माणूस आधी दुसऱ्यांची घरं पाहत फिरतो. मुलगी पाहायला जातात तसंच. चहा पितो, भिंती ठोकतो, संडासात डोकावतो आणि बाहेर आल्यावर नावं ठेवतो. आमची पाहणी अमरावती आणि अकोल्याची झाली. परत आल्यापासून गल्लीतली प्रत्येक बाई वेगळी येऊन विचारते, काय पाहिलं. तेच तेच सांगून तोंड दुखलं. चौथीपर्यंत शाळा झाली आहे, लिहिता येतं. म्हणून लिहून टाकलं. वाचायचं त्यांनी वाचावं, पुन्हा विचारू नये.

आधी भांडण सांगते, कारण प्रवास त्याच्यामुळेच झाला.

गल्लीतच भाड्याची खोली घेऊन आमचं जुनं घर पाडलं. वाईट वाटलं का, असं पुष्कळांनी विचारलं. नाही वाटलं. उंदीर फार होते. मग माझ्या मुलानं, गजाननानं, नव्या घराचं चित्र मोबाईलवर आणलं. समोर काच, बाजूला काळी टाईल, किल्ल्यासारखं गेट आणि गेटच्या आत गाडीची जागा. गाडी आमच्याकडे नाही. मी चित्र आडवं-उभं करून पाहिलं.

"ओटा कुठं हाये?"

"माय, ओटा आता चालत नाही."

"ओट्यानं चालायचं नसते. त्याच्यावर बसायचं असते."

आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. गुडघे गेल्यापासून मला मळ्यात जाता येत नाही, म्हणून सकाळी माल घरी येतो. ओट्यावर बसून मी मेथी आणि सांबाराच्या जुड्या बांधायची. सांबार म्हणजे कोथिंबीर, पुण्याकडच्यांसाठी सांगते. अर्धा माल तिथंच विकला जायचा, आणि कोणाची सून माहेरी गेली, कोणाचा जावई येऊन बसला, हे न उठता कळायचं. ओटा नसेल तर मला गेटच्या आत बसून भिंत पाहावी लागेल. भिंत काही सांगत नाही.

आठवडाभर घरात हेच चाललं. शेवटी गजानन चिडला. "शहरात एक तरी नवीन घर दाखव, ज्याले ओटा हाये. दाखवलं तर तुले बांधून देतो."

सून सुषमा हुशार आहे. आतून ओरडली, "नुसता ओटा नाही! त्याच्यावर माणूस बसलेला पाहिजे. नाही तर आई कोनताही दगड दाखवतीन."

शर्त ठरली. मी हरले तर तोंड मिटून काचेचं घर घ्यायचं.

अमरावती

पहिल्यांदा इंजिनियरकडे गेलो, कारण चित्र त्यानंच काढलेलं. त्याचं ऑफिस नव्या बिल्डिंगमध्ये, अख्खी बिल्डिंग काचेची. काचेतून ऊन येतं म्हणून आतून जाड पडदे लावलेले. पडद्यांमुळे अंधार म्हणून भरदिवसा दिवे लावलेले. दिव्यांनी आणि उन्हानं गरम होतं म्हणून थंडीचं मशीन लावलेलं. त्या थंडीनं इंजिनियर शिंकत होता. स्वभावानं मात्र पोरगा चांगला. त्यानं मला खुर्ची दिली आणि मोठ्या पडद्यावर आमचं घर दाखवलं.

घरासमोर पँट घातलेली एक बाई कुत्रं घेऊन चाललेली.

"हे कोन?"

"कोणी नाही काकू. चित्राला जिवंतपणा यावा म्हणून टाकतात."

"कुत्रं कोनाचं हाये?"

"तेही असंच."

"नांदगावात कुत्र्याले दोरी बांधून कोनी फिरवत नाही. आन् ही बाई माह्या दारासमोरून चालली अन् थांबूनही नाही राहिली."

"थांबेल कशाला?"

"तेच म्हनते मी. बसाले जागाच कुठं ठेवली तुमी!"

गजाननानं कपाळावर हात मारून घेतला. इंजिनियर मात्र हसला. पण त्यानं बाजू सोडली नाही. म्हणाला, "काकू, ओटा घराच्या पुढे येतो. उद्या रस्ता रुंद झाला की पाडायचं मशीन आधी ओट्यावरच चालते. पडायचीच वस्तू बांधायची कशाला?" मी म्हटलं, "माणूसही मरनार असते, तरी जन्माले घालतेतच ना." हे उत्तर नव्हतं, मलाही माहीत आहे. पण गप्प बसण्यापेक्षा बरं.

तिथून आम्ही नव्या कॉलनीत गेलो. सगळी घरं इंजिनियरच्या चित्रासारखी. फरक इतकाच की चित्रात एकही कूलर नसतो आणि खरोखरीच्या प्रत्येक घराला असतो. काचेच्या पुढे लोखंडी तिकाटणं, त्याच्यावर पत्र्याचा कूलर, त्याची नळी गळत खाली आलेली आणि महागाच्या टाईलवर पांढरा ओघळ. मी गजाननाला विचारलं, "आपला कूलर कोन्या काचेतून घुसवनार?" तो बराच वेळ वर पाहत उभा राहिला. मी त्याला अजून थोडा वेळ वर पाहू दिलं.

घर पारखायची माझी रीत सोपी. समोर जाऊन बसायचं आणि काय होतं ते पाहायचं. पण तिथं बसायला काही सापडेना. भिंत, गेट, कुत्र्याची पाटी, पुन्हा भिंत. प्रत्येक गेटसमोर गाडीसाठी गुळगुळीत उतार तेवढा होता. एकाच्या उतारावर मी बसले. बसले म्हणजे टेकले, आणि टेकल्याबरोबर घसरले. थेट रस्त्यापर्यंत. माझी पिशवी फाटली आणि अकोल्याच्या नणंदेसाठी आणलेली वांगी माझ्या पुढे गेली.

गेट उघडून एक बाई धावत आली. "अगं बाई! आजी, लागलं का? कोण पाहिजे तुम्हाला?"

"कोनीच नाही. बसली होती."

"बसला होतात? का?"

"बसाले कारन लागते का वो?"

बाई भली होती. तिनं आत नेलं, सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं. सोफा इतका मऊ की मी त्यात कमरेपर्यंत गेले. तिनं आणि गजाननानं एकेक हात धरून मला बाहेर काढलं. शेजारी कोण राहतं, असं मी विचारलं, तर तिला आडनाव माहीत होतं, माणसं माहीत नव्हती. "गाडी पांढरी आहे त्यांची," म्हणाली. वांगी गोळा करून तिनं नवी पिशवीही दिली. ओटा असता तर मी तिला दोन वांगी जास्त दिली असती.

दुपारी बाजारात गिला वडा खाल्ला. दह्यात भिजलेला वडा, वर तिखट चटणी. चव अजून जिभेवर आहे. पण सगळे उभ्यानं खात होते. छातीएवढी उंच टेबलं आणि खुर्ची एकही नाही. घोडे चंदी खातात तशी ओळीनं माणसं उभी. दही माझ्या कोपरापर्यंत आलं.

समोर दुकानांची मोठी नवी बिल्डिंग होती. तिच्या पायऱ्या रुंद, चकचकीत, सावलीतल्या. मी हात पुसला आणि बसले. वॉचमन लगेच आला.

"मावशी, इथं बसू नका."

"काहून?"

"पायऱ्या हायेत."

"दिसून राहिल्या मले. बांधल्या कशाले मंग?"

"चढाले."

"तू चढून राहिला का?"

"नाही, मी उभा राहून राहिलो."

"दिवसभर?"

"दिवसभर."

हा आमच्याच बाजूचा, तिवशाचा निघाला. बसलेलं दिसलं की मॅनेजर रागावतो म्हणे. खांबामागे त्यानं रंगाची रिकामी बादली पालथी घालून ठेवलेली, मॅनेजर जेवायला गेला की तिच्यावर टेकतो. इकडेतिकडे पाहून त्यानं ती बादली मला दिली. मग मी खांबामागे बादलीवर बसले आणि तो पुढे उभा राहून पहारा देऊ लागला. आम्ही तिवशाच्या पाण्यावर आणि त्याच्या बहिणीच्या सासूवर बोललो. अमरावतीत माझा सगळ्यात चांगला वेळ तिथंच गेला. गजानन लांब जाऊन उभा होता, आमची ओळख नसल्यासारखा.

संध्याकाळी उड्डाणपुलाखाली मात्र मला वाटलं, जिंकले. खांबांच्या बुडाला सिमेंटचे रुंद कठडे, वर पुलाची सावली, आणि प्रत्येक कठड्यावर माणसं. कोणी शेंगा विकतं, कोणी झोपलेलं, दोन म्हातारे कोणाला तरी शिव्या देत होते. चांगल्या ओट्यावर चालतं ते सगळं चाललेलं. मी गजाननाला म्हटलं, "पाय." पाय म्हणजे पाहा, हेही पुण्याकडच्यांसाठी.

"माय, हा पूल हाये. घर नाही."

"वरून गाड्या जातेत म्हनून का घर नाही?"

"हो, म्हनूनच."

आंबागेटचंही तसंच झालं. शहराच्या जुन्या तटाच्या, परकोटाच्या बुडाशी सावलीत माणसं आरामात बसलेली. गजानन म्हणाला, हे गेट आहे आणि जुनं आहे. बरोबरच होतं, पण ज्या तोऱ्यात त्यानं सांगितलं तो मला आवडला नाही.

अकोला, जुनं शहर

अकोल्यात माझी धाकटी नणंद कमल राहते, मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात. भावजी देवळात पूजा सांगायचे, आता घरीच असतात आणि कमलचं ऐकतात. तिच्याकडे ओटा आहे हे मला पक्कं माहीत होतं. तिच्या लग्नात मी त्याच्या पायऱ्या चढून गेले होते, त्यानंतर जाणं झालं नाही. घर जुनं म्हणून शर्तीत बसत नाही, तेही माहीत होतं. पण ओट्यावर बसलेली माणसं पाहून गजाननाचं मन फिरेल, असा माझा डाव होता.

गल्लीत शिरलो आणि घर सापडेना. मी दोनदा इकडून तिकडे गेले. मग खालून आवाज आला.

"वयनी! वरून काहून चालली? खाली पाय ना!"

पाहिलं तर कमलचं डोकं माझ्या गुडघ्याशी. मला वाटलं, बाई विहिरीत पडली. पण ती आपल्या दारात उभी होती. घर खाली गेलेलं नव्हतं, रस्ता वर आला होता. दर वेळी रस्ता नवा करतात तेव्हा जुना खोदत नाहीत, त्याच्यावरच सिमेंट ओततात. आधी ओट्याच्या पायऱ्या बुडाल्या, मग ओटा रस्त्याला लागला, आता ओटा खड्ड्यात आहे. मी चढून गेलेल्या घरात मला मागं वळून, शिडीवरून उतरतात तसं, उतरावं लागलं. गजाननानं वरून धरलं, कमलनं खालून.

"रस्ता झाला की हार घालतेत, पेढे वाटतेत," कमल म्हणाली. "आमी पेढा खातो अन् एक पायरी खाली जातो."

आत गेलो. स्वयंपाकघराची खिडकी आता रस्त्याच्या बरोबरीला आली आहे. तिच्यातून माणसं दिसत नाहीत, पाय दिसतात. कमल सगळ्यांना चपलेवरून ओळखते. "हे पाय, जोशी मास्तर चालले. उजवी चप्पल झिजवतेत." थोड्या वेळानं खिडकीत बकरीचं तोंड आलं आणि तिनं ओट्यावर, म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्यावर, निवडून ठेवलेला सांबार उचलला. कमलनं तिच्या नाकावर लाटणं मारलं. बकरीला आणि कमलला दोघींनाही सवय असावी, कारण कोणीच दचकलं नाही.

जेवायला पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा होता. असा तिखट की गजाननाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्या निमित्तानं त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. भिंतीवर गुडघ्याच्या वर एक मळकी रेघ होती, खोलीभर.

"आत्या, हे काय?"

"पानी. रस्त्यावरचं सारं आमच्याकडेच येते. पलंग विटांवर ठेवला, देव फळीवर ठेवले, अन् ह्यायले पलंगावर ठेवलं."

भावजी म्हणाले, "देवापेक्षा मी खाली." कमल म्हणाली, "तशीच जागा हाये तुमची."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आले आणि पाहते तर काय. गल्लीतल्या बाया येऊन रस्त्याच्या काठावर ओळीनं बसलेल्या, पाय खाली कमलच्या ओट्यावर सोडलेले. विहिरीत पाय सोडून बसतात तसे. भाजी निवडणं चाललेलं, कोणाच्या तरी सुनेचा पंचनामा चाललेला. मोटरसायकलवाला आला की सगळ्या एकदम पुढे वाकायच्या, तो पाठीमागून जायचा, की पुन्हा मागे रेलायच्या. एकीनंही बोलणं थांबवलं नाही.

मी ओरडले, "गजानन! हा पाय ओटा आन् ह्या पाय बसलेल्या!"

"त्या रस्त्यावर बसल्या हायेत."

कमल म्हणाली, "पाय माह्या ओट्यावर हायेत."

"आत्या, माणूस पायावर बसते का?"

मग बायांचे दोन पक्ष पडले. एक म्हणाली, जिथं बूड तिथं बसणं. दुसरी म्हणाली, तसं असेल तर बसमध्ये उभ्यानं जाणारा गेलाच नाही म्हणायचा. याचा अर्थ कोणालाच लागला नाही, पण सगळ्यांनी माना हलवल्या. शेवटी गजाननानं सुषमाला फोन लावला आणि फोनमधूनच तिला रस्ता, ओटा, बुडं आणि पाय दाखवले.

सुषमानं नीट पाहिलं. म्हणाली, "आई, पाय ओट्यावर हायेत, कबूल. पण बसल्या रस्त्यावर. आन् घर जुनं हाये. शर्त नव्या घराची होती."

मी हरले. सून खरं बोलली, त्यामुळे तिला बोलताही येईना. बाया मला "बसा ना मावशी" म्हणाल्या. मी बसले, पाय सोडले, मेथी निवडली. म्हटलं, बसायचं हे शेवटचंच समजा.

गजानन मात्र जिंकूनही जिंकल्यासारखा दिसेना. तो कमलच्या दारात उतरला, पुन्हा वर आला, पुन्हा उतरला. भिंतीवरच्या रेघेला हात लावून पाहिला. मग कमलला विचारलं, "आत्या, पहिला सिमेंट रस्ता झाला तवा तुमी काय केलं?"

"काय करनार? खुश झालो. धूळ गेली म्हटलं."

आमच्या गल्लीत नांदगावला सिमेंट रस्ता नुकताच झाला आहे. गजाननानंच नारळ फोडला होता. त्याच्या चित्रात गाडीची जागा त्या रस्त्याच्या बरोबरीला आणि घर तिच्याहून वीतभर उंच. तो रस्त्याच्या कडेला जाऊन इंजिनियरला फोन करू लागला. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. "नाही साहेब, अजून उंच... नाही, अजून... कमरेएवढं धरा... गाडी नाही चढणार? मंग गाडी राहू द्या."

गाडी अशी गेली. आलीच नव्हती, पण गेली.

परत नांदगावला

इंजिनियर स्वतः येऊन पाहून गेला. घर एवढं उंच घेतलं तर समोर पायऱ्यांची लांब उतरंड करावी लागेल म्हणाला, आणि वर दारासमोर चपला काढायला, दार उघडायला चांगली चार-पाच फूट रुंद जागा. तिच्यावर छप्परही पाहिजे, नाही तर पावसाचं पाणी दारात येईल.

मी म्हटलं, "रुंद, उंच, छपराची, दाराबाहेर."

"हो काकू."

"मंग शर्त कोन जिंकलं?"

गजानन म्हणाला, "मी. हे पाण्यासाठी हाये, तुह्यासाठी नाही." ठीक आहे. मला वस्तूशी मतलब.

पण वस्तू बांधून झाली आणि पंचाईत झाली. कमरेएवढं म्हणाला होता, पण मुलगा घाबरला की त्याची कंबर वर जाते. माझ्या छातीएवढं झालं. पहिल्या दिवशी दोघांनी धरून मला वर नेलं. वरून गाव फार छान दिसतं. पण खाली येणाऱ्या बाईला मान वर करून बोलावं लागतं, आणि आमच्या वयाच्या बायांच्या माना वर होत नाहीत. आल्या, दोन शब्द बोलल्या, मान चोळत गेल्या. सांबाराच्या जुड्या मी टोपलीत घालून दोरीनं खाली सोडल्या. एकीनं टोपलीही नेली. दिवस बुडेपर्यंत मी तिथं एकटी, सोंगातल्या राणीसारखी, आणि उतरवायला गजानन मळ्यातून येईना.

दुसऱ्या दिवसापासून मी वर जाणं सोडलं. घराच्या भिंती अजून खिडकीपर्यंतच आल्या आहेत, काच कुठं लावायची ते ठरलेलं नाही, पण पायऱ्या तयार आहेत. सकाळी मी सगळ्यात खालच्या पायरीवर बसते, जुड्या बांधते. शेजारची गोदा माझ्या वरच्या पायरीवर, तिची जाऊ तिच्या वरच्या, ज्यांचे गुडघे चांगले त्या आणखी वर. मागची बाई पुढचीच्या डोक्यातले पांढरे केस मोजते आणि मोठ्यानं सांगते. इंजिनियर परवा आला तर त्याला घरात जायला वाट मिळेना. तो बाजूच्या विटांवरून चढला.

मागच्या आठवड्यात गल्लीत माणसं टेप घेऊन रस्ता मोजून गेली. नवा थर टाकणार म्हणतात. वरच्या बाया खुश आहेत, कारण प्रत्येक थराला आम्ही सगळ्या एकेक पायरी वर सरकणार आणि त्या छपराखाली पोचणार. सगळ्यात आधी बुडणार ती खालची पायरी, आणि ती माझी आहे. तिच्यात आणि माझ्यात आधी कोण जातं ते पाहायचं. गोदानं माझ्यावर पैज लावली आहे, मीच आधी जाणार म्हणून, आणि पायरीवर लावायला गल्लीत कोणी तयार नाही.